मेंदूला हादरा बसल्यानंतर घरची काळजी : एका सूचनापत्रकाच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ३ जून २०२४

डोक्याला मार लागून आमच्या अपघात विभागात आलेल्या आणि तपासणीनंतर घरी सोडलेल्या रुग्णाच्या हाती जो कागद दिला जातो, तो नव्याने लिहिण्याचे काम आजपासून माझ्याकडे आले आहे. सध्याचा कागद चार ओळींचा आहे. त्यातील एक ओळ अशी : ‘मानसिक स्थितीत बदल अथवा तीव्र शिरःशूल आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.’ अठरा वर्षे परिचारिका म्हणून काम करूनही हे वाक्य मी कधी कोणाला वाचून दाखवलेले नाही. मी तोंडी सांगते, आणि तोंडी सांगितलेले नातेवाईक गाडीत बसेपर्यंत निम्मे विसरतात.

विषय निघाला तो गेल्या आठवड्यातील एका प्रसंगामुळे. दुचाकी घसरून पडलेल्या एका तरुणाला, सीटी स्कॅन नॉर्मल आल्यावर, रात्री नऊच्या सुमारास घरी सोडले. नातेवाइकांना ‘लक्ष ठेवा’ एवढेच सांगितले होते. त्यांनी लक्ष ठेवले ते असे, की डोक्याला मार लागलेल्या माणसाला झोपू द्यायचे नसते हा समज धरून त्याला पहाटेपर्यंत टीव्हीसमोर बसवले, डुलकी लागली की तोंडावर पाणी मारले आणि चार वेळा चहा पाजला. सकाळी तो डोके गच्च धरून, खिडकीकडे पाहवत नाही अशा अवस्थेत परत आला. पुन्हा स्कॅन झाला आणि पुन्हा त्यात काही निघाले नाही. त्याला हवी होती ती झोप, आणि तीच घरच्यांनी प्रेमापोटी मोडली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण ‘लक्ष’ हा एक शब्द त्यांच्या हाती ठेवून आम्ही मोकळे झालो होतो.

त्यामुळे पहिला निर्णय असा घेतला आहे, की हा कागद रुग्णासाठी लिहायचा नाही. ज्याच्या मेंदूला हादरा बसला आहे, त्याला त्या रात्री वाचण्याचे कष्ट देऊच नयेत. कागद लिहायचा तो त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसासाठी.

गुरुवार, ६ जून

आजचा दिवस एका शब्दावर गेला. डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात आणि रुग्ण तो शब्द रिक्षास्टँडपर्यंतही नेत नाही. ‘मस्तिष्काघात’ लिहिले तर वाचणाऱ्याला पक्षाघात झाला असे वाटते. लोकांच्या तोंडी सहज येणारा शब्द ‘मुका मार’ असा आहे आणि एका अर्थाने तो अचूकही आहे, कारण बाहेर जखम नसताना आत मार बसला आहे हे त्यातून लगेच कळते. तरीही मी तो खोडला. मुका मार म्हटले की आपल्याकडे हात आपोआप हळदीच्या लेपाकडे, तेलाकडे आणि शेकाच्या पिशवीकडे जातात, आणि डोक्यावर टेंगूळ आलेल्या माणसाचे डोके कोणीतरी जोर लावून चोळून देते. शेवटी ‘मेंदूला हादरा’ हा शब्द ठेवला. वरिष्ठ सिस्टरांनाही तो पटला.

हादरा म्हणजे काय, हे कागदावर तीन वाक्यांत यायला हवे. कवटीच्या आत मेंदू द्रवात असतो आणि डोक्याला, किंवा कधी नुसत्या मानेला, जोराचा झटका बसला की तो आतल्या आत हिसकला जातो. त्यामुळे पेशींमधील क्षारांचा तोल काही काळ बिघडतो, तो सावरायला पेशींना नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी पडतो. म्हणूनच एरवी न जाणवणारी कामे, म्हणजे हिशोब करणे, गर्दीत उभे राहणे किंवा दोघांचे बोलणे एकदम ऐकणे, त्या दिवसांत थकवून टाकतात. शुद्ध हरपायलाच हवी असे मुळीच नाही. हादरा बसलेल्यांपैकी बहुतेकांची शुद्ध जातच नाही.

स्कॅनबद्दलचे दोन गैरसमज एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि दोन्ही रोज भेटतात. ज्यांचा स्कॅन नॉर्मल येतो, ते ‘काहीच झालेले नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी कामावर जातात. स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसते, पेशींचा हा बिघडलेला तोल दिसत नाही. ज्यांचा स्कॅन केला जात नाही, ते आपल्याला टाळले असे समजून भांडतात. आमच्या विभागातील डॉक्टर, म्हणजे सर, प्रौढ रुग्णाचा स्कॅन करायचा की नाही हे ज्या कॅनेडियन नियमांच्या आधारे ठरवतात, ते २००१ साली प्रसिद्ध झाले. वय ६५ किंवा त्याहून जास्त आहे का, दोन किंवा अधिक उलट्या झाल्या का, दोन तासांनंतरही रुग्ण पूर्ण भानावर नाही का, कवटी मोडल्याची खूण आहे का, मार लागण्याआधीचा अर्धा तास किंवा त्याहून मोठा काळ आठवत नाही का आणि अपघात मोठ्या जोराचा होता का, हे त्यात पाहिले जाते. ही माहिती कागदावर घालायची नाही. ती कॅज्युअल्टीतील भिंतीवर लावली तर भांडणे तरी कमी होतील.

मंगळवार, ११ जून

धोक्याच्या खुणांचा पहिला मसुदा सरांना दाखवला. त्यांनी मजकूर मान्य केला, परंतु क्रम बदलायला लावला. मी महत्त्वानुसार लिहिले होते आणि त्यांचे म्हणणे असे, की रात्री दोन वाजता माणसाला जे आधी दिसते ते आधी लिहावे.

त्याप्रमाणे आता सुरुवात झोपेपासून आहे : हाक मारून, खांदा हलवूनही नीट जाग येत नसेल, किंवा जाग येऊनही तो माणसे ओळखत नसेल आणि असंबद्ध बोलत असेल, तर उजाडण्याची वाट न पाहता निघावे. त्यानंतर पुन्हापुन्हा होणारी उलटी, गोळी घेऊनही चढतच जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांतील शक्ती जाणे, बोलणे अडखळणे किंवा तोंड वाकडे होणे, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, आणि नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्राव येणे. तान्ह्या मुलाच्या बाबतीत थांबेनासे रडणे आणि दूध न ओढणे या दोन खुणा वेगळ्या लिहिल्या आहेत, कारण त्याला डोके दुखते असे सांगता येत नाही.

‘पण तो तर चालत आला होता’ हे वाक्य आम्ही वर्षातून अनेकदा ऐकतो. सरांनी यावर भारतीय क्रिकेटपटू रमण लांबाचे उदाहरण सांगितले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात क्लबच्या सामन्यात शॉर्ट लेगला हेल्मेटशिवाय उभा असताना त्याच्या डोक्याला चेंडू लागला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला, नंतर त्याची प्रकृती बिघडून शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी तो गेला. कवटीच्या आत रक्त साठत असेल तर सुरुवातीचा काही काळ माणूस चांगला बोलतो, चालतो, हसतोसुद्धा. पहिले २४ ते ४८ तास डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते यासाठीच. वयस्कर माणसांत, विशेषतः रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर, रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीही त्रास दिसू शकतो, हे वाक्य मी सरांकडून मागून घेतले. आजोबा पडल्याचे घरातले सगळे विसरून गेलेले असतात आणि मग ते अचानक घरातच वाट चुकू लागतात.

झोपेचा प्रश्नही आज सुटला. तपासणी करून घरी सोडलेल्या रुग्णाला जागे ठेवू नये, तो झोपला तर झोपू द्यावे, मात्र पहिल्या रात्री कोणीतरी त्याच खोलीत झोपावे, असे लिहायचे ठरले. रात्री उठवून पाहायचे की नाही हे डॉक्टर त्या त्या रुग्णाचे ठरवतील. त्यासाठी कागदावर रिकामी जागा सोडली आहे : ‘रात्री ____ वाजता एकदा उठवून पाहावे / उठवण्याची गरज नाही.’

बुधवार, १९ जून

कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकावर सहा नातेवाइकांना मसुदा वाचायला दिला आणि मग कागद परत घेऊन, काय करणार ते विचारले.

‘संपर्क साधावा’ हे शब्द पूर्णपणे वाया गेले. सहापैकी चौघांनी त्याचा अर्थ ‘सकाळी फोन करून विचारायचे’ असा घेतला. तेथे आता ‘लगेच घेऊन या, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा’ असे आहे. त्याखाली एक ओळ मी स्वतःहून घातली, की रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नये. कागद तयार करणाऱ्या शहरातल्या माणसाला ही ओळ विचित्र वाटेल, पण आमच्याकडे अर्धे रुग्ण तसेच येतात.

‘अस्वस्थता’ या शब्दावर एक जण म्हणाला, “अस्वस्थ तर आम्ही सगळेच आहोत.” शब्द काढला.

सर्वांत जास्त शिकवले ते एका आजींनी. त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून सहावीतला नातू त्यांना वाचून दाखवत होता आणि त्या प्रत्येक ओळीनंतर त्याला थांबवून, ती ओळ आपल्या शब्दांत परत म्हणत होत्या. बाहुलीच्या ओळीवर त्या अडल्या. “ताई, म्हंजी बॅटरी मारून बघायची का डोळ्यात?” असे त्यांनी विचारले आणि लगेच नातवाच्या हातातला मोबाइल घेऊन, त्याचा टॉर्च लावून, बाकावर बसलेल्या त्याच्या मामाच्या डोळ्यांपुढे धरला. मामाने दोन्ही डोळे मिटून घेतले. आजी म्हणाल्या, “ह्यो तर डोळंच झाकतोय. आता काय बघू?” उजेडाचा त्रास होणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत रात्रभर दर तासाला टॉर्च मारला जाईल, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आता ओळ अशी आहे : ‘बोलताना समोरून पाहावे, एक बाहुली मोठी दिसली तर घेऊन यावे. डोळ्यांत टॉर्च मारू नये.’

सोमवार, २४ जून

औषधांचा भाग लवकर झाला. दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावे. पहिल्या दोन दिवसांत ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे, कारण आत रक्तस्राव असलाच तर तो वाढण्याची भीती असते. परंतु ‘आयबुप्रोफेन’ हे नाव कोणी ओळखत नाही आणि कॉम्बिफ्लाम घराघरात असते, ज्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेनही आहे. म्हणून ‘घरात असलेली अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये’ असे सरळ लिहिले. झोपेची गोळी आणि दारू यांवर बंदी आहेच. गुंगी औषधाची, दारूची की रक्तस्रावाची हे मग कोणालाच सांगता येत नाही. वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे रोज घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, हेही घातले.

मंगळवार, २ जुलै

‘आराम करावा’ या दोन शब्दांवर सरांशी तासभर चर्चा झाली. मी शिकले तेव्हा अंधारी खोली, पडदे ओढलेले आणि त्रास पूर्ण थांबेपर्यंत अंथरुणावर, असा नियम होता. तो आता राहिलेला नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ११ ते २२ वर्षांच्या ८८ रुग्णांपैकी काहींना पाच दिवसांची कडक विश्रांती आणि काहींना एक-दोन दिवसांची विश्रांती सांगितली होती. कडक विश्रांतीच्या गटाला फायदा तर झाला नाहीच, उलट त्यांनी जास्त त्रास नोंदवला. ॲमस्टरडॅम येथे २०२२ साली झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खेळांतील हादऱ्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय सहमतीतही, पहिले दोन दिवस बेताची विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल, असेच सांगितले आहे. बेताची म्हणजे घरातल्या घरात वावरावे, स्वतःच्या हाताने जेवावे, थोडे चालावे.

मोबाइलचे मात्र उलट आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १२ ते २५ वर्षांच्या १२५ रुग्णांपैकी ज्यांना पहिले ४८ तास स्क्रीन पाहू नका असे सांगितले, ते साधारण साडेतीन दिवसांत बरे झाले, आणि ज्यांना मोकळीक होती त्यांना आठ दिवस लागले. कागदावर आकडे घालणार नाही; ‘दोन दिवस मोबाइल आणि टीव्ही बंद’ एवढेच पुरे. मात्र ते न पाळणाऱ्या मुलांना सांगण्यासाठी हे आकडे मी पाठ करून ठेवले आहेत.

हालचाल किती वाढवायची, याचे सरांनी सांगितलेले माप मला फार उपयोगी वाटले. काम सुरू करण्यापूर्वी त्रासाला दहापैकी गुण द्यायचे. कामामुळे त्रास दोन गुणांपर्यंत वाढला आणि तासाभरात उतरला तर चालेल. त्याहून जास्त वाढला किंवा रेंगाळला तर काम थांबवून दुसऱ्या दिवशी त्याहून कमी करायचे.

शनिवार, १३ जुलै

ही नोंद घरून लिहीत आहे. काल संध्याकाळी यजमान परसातल्या शेवाळलेल्या फरशीवरून घसरले आणि त्यांचे डोके मागच्या बाजूने धुण्याच्या दगडावर आपटले. शुद्ध गेली नाही. उठून बसले आणि “अगं, आज वार कोणता?” असे त्यांनी विचारले. मी शुक्रवार म्हणून सांगितले. पाच मिनिटांत त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि रिक्षात बसल्यावर तिसऱ्यांदा. घरी एक आणि वाटेत एक अशा दोन उलट्या झाल्याने स्कॅन करावा लागला. तो नॉर्मल आला. चार तास देखरेखीखाली ठेवून रात्री अकराला घरी सोडले आणि सहकारी सिस्टरने माझ्याच मसुद्याची प्रत माझ्या हातात ठेवली. रिकाम्या जागेत सरांनी ‘गरज नाही’ या शब्दांवर खूण केली होती.

तरीही मी त्यांना रात्रीत पाच वेळा उठवले. घड्याळाकडे पाहत बसले होते, आणि त्यांचा श्वास जरा संथ वाटला की खांदा हलवायचे. कागद वाचायला घेतला तर झिरोच्या दिव्यात अक्षरे दिसेनात, म्हणून ट्यूब लावली, आणि तिच्या उजेडाने ते पुन्हा जागे झाले. तिसऱ्या वेळी त्यांनी वैतागून स्वतःचे नाव, माझे नाव, शाळेचे नाव आणि चौदाचा पाढा न विचारताच म्हणून दाखवला. आज ते जे थकले आहेत, त्यातला निम्मा थकवा दगडाचा आणि निम्मा माझा आहे. टीव्हीसमोर त्या तरुणाला जागवणाऱ्या घरच्यांबद्दल ३ जूनला मी जे लिहिले होते, ते आज पुन्हा वाचले.

अक्षरांचा आकार १६ पॉइंट करणे आणि धोक्याच्या खुणा पानाच्या वरच्या निम्म्या भागात ठळक छापणे, हे दोन बदल लगेच टिपून ठेवले आहेत.

बुधवार, १७ जुलै

आज पाचवा दिवस. या पाच दिवसांत जे कळले ते कोणत्याही मार्गदर्शक तत्त्वांत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सर्वांत मोठा त्रास भेटायला येणाऱ्यांचा झाला. शनिवारी दुपारपासून शेजारी, शाळेतले सहकारी, माझे दीर-जाऊ आणि यजमानांचे जुने विद्यार्थी, असे रविवार रात्रीपर्यंत वीसेक लोक येऊन गेले. प्रत्येकाने ‘कसे पडलात’ हे विचारले आणि प्रत्येकाला त्यांनी पहिल्यापासून सांगितले. रविवारी संध्याकाळी त्यांचे डोके तीन गुणांवरून सातवर गेले होते. सोमवारी मी दारातच उभी राहिले आणि चहा ओट्यावरच देऊन माणसे परत पाठवली. एक-दोघांना राग आला आहे, तो उतरेल. कागदावर ओळ वाढवली : ‘भेटायला येणाऱ्यांना पहिले दोन-तीन दिवस नम्रपणे थांबवावे.’ ही ओळ छापील असली की नातेवाइकांना वाईटपणा घ्यावा लागत नाही. डॉक्टरांनीच लिहिले आहे म्हणून दाखवता येते.

दुसरे, कुकरची शिट्टी. तिच्याने ते दचकत आणि पुढची दहा मिनिटे कपाळ धरून बसत. दोन दिवस भात पातेल्यात केला.

तिसरे, बाथरूमची कडी. चक्कर येणाऱ्या माणसाने आत जाऊन कडी लावली आणि तो पडला, तर दार मोडावे लागते. कडी न लावता टॉवेल दारावर टाकायचा असे ठरवले आणि ते कागदात गेले. परसातली फरशी काल ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासून घेतली. हे काम मे महिन्यातच व्हायला हवे होते.

गणिताच्या शिक्षकाला दहापैकी गुण देण्याची पद्धत आवडणार हे उघड होते. सोमवारी, म्हणजे तिसऱ्या दिवशी, त्यांनी घटक चाचणीच्या वह्या मागितल्या. सुरुवातीला त्रास दोन गुणांचा होता. सहा वह्या तपासून होईपर्यंत पाच झाला आणि उतरायला दुपार उलटली. मंगळवारी तीनच वह्या घेतल्या. त्रास तीनवर गेला आणि अर्ध्या तासात परत दोनवर आला. आज चार वह्या आणि अंगणात पंधरा मिनिटे चालणे झाले. चौथ्या दिवशी त्यांनी स्कूटरची किल्ली उचलली होती, ती मी काढून घेतली. समोर अचानक कोणी आडवे आले तर ब्रेक दाबायला लागणारा क्षण या दिवसांत लांबतो, आणि ते चालवणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही.

आज आषाढी एकादशी. त्यांना उपवास करायचाच होता. गेली तीस वर्षे चुकलेला नाही, हा त्यांचा मुद्दा; उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर हादऱ्याचे डोके अधिक दुखते, हा माझा. सासूबाईंनी निकाल दिला, “विठोबा काय हजेरी घेतोय व्हय? जेव गपगुमान.” ते वरणभात जेवले. उपवासाची ओळ कागदात जाईल, पण सासूबाईंचे वाक्य घेता येत नाही याचे वाईट वाटते.

चिडचिडीबद्दल एक वाक्य कमी पडत होते. एरवी शांत असलेला हा माणूस सोमवारी चष्मा सापडत नाही म्हणून रडवेला झाला. मी ओळखत असूनही क्षणभर घाबरले. चिडचिड, रडू येणे, शब्द न आठवणे आणि झोप उलटसुलट होणे हे हादऱ्याचेच भाग आहेत, ते काही दिवसांत उतरतात, आणि दिवसेंदिवस वाढत गेले तर दाखवायला यावे, असे आता लिहिले आहे.

गुरुवार, २५ जुलै

दुसरा मसुदा पूर्ण. पुढच्या बाजूला पहिल्या दोन दिवसांचे आणि मागच्या बाजूला पुढच्या दोन आठवड्यांचे लिहिले आहे. मागे तळाशी रोजचे गुण लिहिण्यासाठी चौदा चौकोन आहेत. यजमान सोमवारपासून अर्धा दिवस शाळेत जाऊ लागले आहेत. फळ्याकडे तोंड करून लिहिताना मान वर केली की अजून गरगरते.

मंगळवार, ६ ऑगस्ट

मुलांसाठी स्वतंत्र चिठ्ठी हवी, असे बालरोगतज्ज्ञ बाईंचे मत पडले. प्रौढ माणूस बहुधा दोन आठवड्यांत सावरतो, तर मुलांना चार आठवडेही लागू शकतात. ही चिठ्ठी वर्गशिक्षकांना द्यायची आहे. एक-दोन दिवसांनंतर मुलाला शाळेत पाठवावे, पण सुरुवातीला अर्धा दिवस. फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी मित्राच्या वहीची प्रत द्यावी. डोके दुखले तर त्याला वर्गाबाहेर शांत बसू द्यावे. चाचणी नंतर घ्यावी. पीटीच्या तासाला तो नाटक करतो असे समजू नये, हे वाक्य बाईंनी आग्रहाने घालायला लावले.

खेळाबद्दल क्रम असा, की आधी पूर्ण दिवसाची शाळा आणि मग पूर्ण खेळ. चालण्यापासून सामन्यापर्यंत सहा पायऱ्या, प्रत्येक पायरीला किमान २४ तास, आणि अंगाला अंग भिडणारा सराव डॉक्टरांनी पाहिल्यानंतरच. कबड्डीच्या मुलांना हे पटत नाही. पहिला हादरा विरण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला जीवघेणी सूज येते, असे सांगितले तरी ती मान डोलावतात आणि संध्याकाळी मैदानावर दिसतात. क्रिकेटचे उदाहरण मात्र लागू पडते. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत हादरा बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो, आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला. स्मिथला पुढच्या कसोटीतही बाहेर बसवले गेले, हे सांगितल्यावर एका मुलाने प्रथमच “किती दिवस?” असे विचारले.

बुधवार, २८ ऑगस्ट

काल दहीहंडी होती. तिसऱ्या थरावरून पडलेला एकोणीस वर्षांचा गोविंदा रात्री आला. त्याचा स्कॅन नॉर्मल निघाला आणि नवा कागद पहिल्यांदा त्याच्या आईच्या हातात गेला. तिने तेथेच उभ्याने पुढची बाजू वाचली आणि विचारले ते असे, की ढोलपथकाचा सराव चालू आहे, गणपतीपर्यंत तो वाजवू शकेल का. आमच्या कागदात कुकर आहे, टीव्ही आहे, पण ढोल नाही. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला, म्हणजे अकराव्या दिवशी येते. सरांनी त्याला कंबरेला ढोल न बांधता, लांब उभे राहून पाहण्याचीसुद्धा परवानगी त्रास पूर्ण थांबल्यावरच दिली. मागच्या बाजूला ‘मोठे आवाज’ या शब्दांपुढे ‘ढोल, डीजे, फटाके’ असे हाताने लिहिले आहे; पुढच्या छपाईत ते छापून येईल.

बुधवार, ११ सप्टेंबर

पाचशे प्रती छापून आल्या. गोविंदाच्या आईला काल फोन केला. मुलाचे गुण सहावरून शून्यावर आले आहेत, चौकोन तिने भरले आहेत, आणि तो पथकाचा झेंडा धरायला गेला आहे, असे तिने सांगितले. झेंडा धरण्याबद्दल मला काही म्हणायचे होते, पण तोपर्यंत फोन ठेवला गेला.

एक गोष्ट या कागदाने सुटलेली नाही. दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू होईल आणि ऊसतोड कामगारांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, शिवारात पडतील. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलेला माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा त्याच्या उशाशी बसायला असलेली बायको पहाटे चारला फडात जाते, कोपीत दिवा नसतो आणि १०८ ला वाट सांगायला रस्त्याला नाव नसते. सरांशी बोलून असे ठरवले आहे, की अशा रुग्णाला पहिली रात्र घरी न सोडता वॉर्डात ठेवायचे, आणि सोडताना मुकादमाचा फोन नंबर व फडाजवळच्या गावाचे नाव कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचे. त्या कोपऱ्यात सध्या रुग्णालयाचे बोधचिन्ह आहे. ते खाली हलवण्यासाठी छापखान्याला उद्या फोन करायचा आहे.